घरफाळा वाढवला आणि रस्ता मोजला तर ६४ मीटर कमी भरला. सुरुवात कुठून करू?

सुईदोरा_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि माझं शिवणकाम गावातल्याच बायकांवर चालतं. मालक पुण्याला कंपनीत असतात. घरी मी, सासूबाई आणि दोन पोरी. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारले.

या वर्षीचं ग्रामपंचायतीचं बिल आलं. दिवाबत्ती ५०, आरोग्य ५०, पाणीपट्टी १२००, हे सगळं मागच्यासारखंच. पण घरफाळा ६१२ होता तो एकदम १४८७ झालाय. घराला आम्ही एक वीटसुद्धा लावलेली नाही. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "नवीन आकारणी झाली, सगळ्यांचंच वाढलंय." शेजारी विचारलं तर त्यांचं जेमतेम शंभर रुपयांनी वाढलंय.

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागलीय. मारुती मंदिरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जानेवारीत काँक्रीटचा रस्ता झाला. म्हणजे सुरू झाला मंदिरापासून आणि थांबला पिठाच्या गिरणीपाशी. पुढे आमच्या दारावरून टाकीपर्यंत अजून मातीच आहे. पावसात पोरी चपला हातात घेऊन शाळेला जातात. मला वाटलं पैसे संपले असतील. पण थोरलीने मोबाईलवर ई-ग्रामस्वराज, म्हणजे पंचायतीच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ, उघडून दाखवलं. तिथे हेच काम "पूर्ण" आहे, ४ लाख ८६ हजार खर्च पडलाय. लांबी कुठे दिसेना म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर बघितली : १८० मीटर.

मग मी मोजला. माझी टेप दीड मीटरची, म्हणून सुतळीला दहा मीटरवर गाठ मारली आणि सकाळी सहाला, रस्त्यावर कोणी नसताना, धाकटीला एक टोक धरायला लावलं. अकरा सुतळ्या आणि वर सहा मीटर. ११६. परत उलटीकडून मोजला, ११६च. रुंदी तीन मीटर बरोबर आहे. गिरणीपाशी जिथे काँक्रीट संपतं तिथे कड उघडी आहे, तिथे टेप लावली तर जाडी चार इंच भरते. पंधरा वर्षं कापड मोजतेय, माप चुकलं असेल असं मला वाटत नाही.

आम्ही एक रुपया थकवलेला नाही. सासऱ्यांनी पावत्या १९८७ पासूनच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. म्हणून विचारते : हा फाळा असा वाढवता येतो का? आणि रस्त्याचं कुणाला विचारायचं? सरपंचांच्या घरचे ब्लाऊज माझ्याकडेच असतात. भांडण नको आहे. पण गप्प बसणंही जमेना.

शेंगदाणा_८७

ताई, सरळ सांगतो. रस्ता पूर्ण होईपर्यंत फाळा भरूच नका. आमच्या वाडीत आम्ही पंधरा-वीस घरांनी तेच केलं. पैसा अडला की सगळे जागे होतात.

निवृत्त ग्रामसेवक

वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो, चार तालुक्यांत. फाळा थकवणाऱ्याचं काय होतं ते मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय. ग्रामसभेत तो उभा राहिला की पहिला आवाज येतो, "आधी थकबाकी भर, मग बोल." सगळी सभा हसते आणि प्रश्न तिथेच संपतो. शिवाय मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्य व्हायला अपात्र ठरतो. उद्या तुम्हालाच वॉर्डातून उभं राहावंसं वाटलं तर? तुमचा तो पत्र्याचा डबा ही तुमची खरी ताकद आहे, ती घालवू नका. भरताना पावतीच्या मागे आणि वेगळ्या अर्जावर "हरकत राखून भरणा" असं लिहा.

आता दोन्ही गोष्टी वेगळ्या धरा. फाळ्याचा अर्ज वेगळा, रस्त्याचा वेगळा. एकाच कागदात दोन्ही कोंबलं की दोन्हीची उत्तरं गोलमाल येतात.

फाळा. पूर्वी चौरस फुटावर ठरायचा. डिसेंबर २०१५ पासून नियम बदलले, आता भांडवली मूल्यावर ठरतो. जमिनीचं क्षेत्र गुणिले रेडी रेकनरचा (सरकारी मूल्य तक्त्यातला) दर, अधिक बांधकामाचं क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घराच्या वयाप्रमाणे घट). या बेरजेला वापराचा भारांक लावतात, राहत्या घराला कमी, दुकानाला जास्त. आलेल्या रकमेवर दर हजारी अमुक पैसे असा कर. म्हणजे तुमचा आकडा चार गोष्टींवर उभा आहे : क्षेत्र किती धरलं, बांधकाम कुठल्या प्रकारचं धरलं, घराचं वय किती धरलं आणि वापर कुठला धरला. शेजाऱ्याचं शंभराने आणि तुमचं पावणेनऊशेने वाढलं, तर या चारांपैकी एखादी नोंद चुकलेली असणार. माझा अनुभव तरी तोच आहे. सर्व्हे करणारी पोरं एका दिवसात शंभर घरं उरकतात, खालचा रकाना वरच्यासारखा भरून टाकतात.

हे सगळं नमुना ८ मध्ये असतं. आकारणीची नोंदवही तीच. (नमुना ९ मागणीचं रजिस्टर, नमुना १० तुमची पावती.) नमुना ८ चा उतारा २० रुपयांत, पाच दिवसांत द्यायचा आहे. लोकसेवा हक्क कायद्यातल्या अधिसूचित सेवांमध्ये तो येतो. तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. उतारा हातात आला की चारही रकाने तपासा आणि चूक दाखवून हरकत द्या. ग्रामपंचायतीने नाही ऐकलं तर कलम १२४ प्रमाणे पंचायत समितीकडे अपील आहे, तिथून पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. बिल मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, दिवस त्यावरून मोजतात. लांबवू नका.

आणि एक. नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ती कर आकारणीची नोंद आहे. पण सासऱ्यांच्या जागी सासूबाईंची वारस नोंद याच फेऱ्यात करून घ्या. नाहीतर "तुम्ही कोण हरकत घेणाऱ्या" असं कोणीतरी म्हणेल.

रस्त्याचं उद्या लिहितो. डोळे दुखतात.

निवृत्त ग्रामसेवक

रस्ता. आधीच सांगतो, ६४ मीटर कमी भरला म्हणजे चोरी झाली असं लगेच धरू नका. अंदाजपत्रकात फेरबदल झाला असेल, उरलेला भाग दुसऱ्या टप्प्यात असेल, फलकावरचा आकडा जुना असेल. असं होतं. काय झालंय ते एकाच वहीत कळतं, मोजमाप पुस्तिका. सगळे तिला एमबी म्हणतात. जिल्हा परिषदेचा अभियंता जागेवर जाऊन मोजतो आणि त्यात लिहितो : नग, लांबी, रुंदी, जाडी, गुणाकार. ठेकेदाराचा पैसा त्या गुणाकारावर निघतो. तुमची सुतळी आणि एमबी एकमेकांशेजारी ठेवली की काम झालं.

माहिती अधिकाराचा अर्ज "जोडपत्र अ" मध्ये करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, म्हणून पाल्हाळ नको. "का" आणि "कसं काय" असं विचारायचं नाही. अधिकाऱ्याला रेकॉर्डवर जे आहे ते द्यायचं असतं, तुमच्या शंकेचं उत्तर नव्हे. "रस्ता अर्धवट का?" असं विचारलंत तर "माहिती प्रश्नार्थक आहे" म्हणून अर्ज निकाली निघतो. मीही असे काढलेत, आता वाईट वाटतं. कागदाचं नाव घेऊन मागा. मजकूर देतो :

"विषय : मारुती मंदिर ते पाण्याची टाकी रस्ता काँक्रीटीकरण. या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित सर्व पाने, अदा केलेली देयके व प्रमाणके, पूर्णत्वाचा दाखला, तसेच या कामासंबंधी मासिक सभा व ग्रामसभेचे ठराव. माहिती व्यक्तिशः हवी."

एवढंच. तुमची कहाणी, गावाची कहाणी, काही नको. ३० दिवसांची मुदत. पान दोन रुपये. ३० दिवस उलटले तर माहिती फुकट द्यावी लागते. मग पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, जोडपत्र ब. त्याचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ९० दिवसांत पुण्याच्या माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे वेळ खूप लागतो, म्हणून खालीच काम होईल असं बघा.

नगरपरिषद_वॉर्ड_६

मी शहरातली, आमचा कायदा वेगळा (१९६५ चा नगरपरिषद अधिनियम), पण अनुभव तोच म्हणून लिहिते. आमच्याकडे कलम ११९ ची नोटीस येते, त्यात हरकतीची शेवटची तारीख छापलेली असते. आमच्या वरच्या गच्चीवरचं पत्र्याचं शेड खोली म्हणून धरलं होतं. मी मंजूर नकाशा आणि चार फोटो घेऊन सुनावणीला गेले. साहेबांनी दोन मिनिटांत मान्य केलं. माझ्यामागे रांगेत एक आजोबा होते, त्यांच्याकडे काहीच कागद नव्हता, नुसते "अन्याय झाला" म्हणत होते. त्यांचं ऐकून घेतलं आणि पाठवलं. मला फार वाईट वाटलं, अन्याय त्यांच्यावरही झालाच असेल. सुईदोरा, घराचा बाहेरून आणि आतून फोटो काढा, आणि घर स्वतः मोजून कागदावर नकाशा काढा. तुमच्या हाताला माप आहेच.

पाटाचं_पाणी

एक राहिलं. स्थानिक संस्थांच्या आणि जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघायला द्यावं असं शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तिच्यावरून घेतलं. तालुक्याला काही कळेना तर सोमवारी जिल्हा परिषदेत जाऊन फाइल समोर बसून बघता येते. आणि माहिती अधिकारात नुसते कागद नाहीत, कामाची पाहणी करणं आणि मालाचा प्रमाणित नमुना घेणंही येतं, कलम २ (जे). चार इंच जाडीचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो.

सुईदोरा_कृष्णाकाठ

काका, ताई, सगळ्यांचे आभार. उतारा मिळाला.

सहाव्या दिवशी मिळाला. पहिल्या दिवशी "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणाले, मी म्हटलं अर्जावर फक्त शिक्का द्या, मी बसते. हातातलं काजं-बटणाचं काम घेऊनच गेले होते. एक शर्ट पुरा होईस्तोवर शिक्का मिळाला.

काकांनी लिहिलं तसंच निघालं. आमचं घर १९८६ चं. दगडी पाया, मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, वर पत्रा. रकान्यात लिहिलंय "आर.सी.सी." घर २६ बाय २२ फूट, म्हणजे ५७२ चौरस फूट, मीटरमध्ये ५३.१४ होतात. रकान्यात ७७.६७. हा आकडा कुठून आला ते रात्री झोप येईना म्हणून उठून काढलं. घराला लागून १२ बाय २२ चा गोठा होता. दोन्ही मिळून बरोबर ७७.६७ होतात. तो गोठा २०१९ च्या पुरात गेला. ऑगस्टात पाणी चढलं तेव्हा आम्ही दोन म्हशी सोडवून वर शाळेत नेल्या आणि परत आलो तर गोठ्याच्या जागी नुसता चिखल. पंचनामा झालेला आहे, त्याची प्रत डब्यात होती. जो गोठा सरकारने पडला म्हणून लिहून घेतला, तोच आर.सी.सी. म्हणून माझ्या बिलात आहे.

हरकत दिली. सासूबाईंच्या सहीने, नकाशा, फोटो, पंचनामा आणि पूर्ण भरलेल्या बिलाची पावती जोडून. पोच घेतली. माहितीचा अर्जही त्याच दिवशी दिला.

निवृत्त ग्रामसेवक

शाबास. पंचनामा जोडलात हे उत्तम केलंत, त्याला तोड नाही.

एक काम अजून. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, कामाचा अहवाल आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी ठेवावी लागते. १ मेच्या सभेच्या प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, प्रत मागा. त्यात तुमच्या रस्त्यावर काय लिहिलंय ते बघा.

सुईदोरा_कृष्णाकाठ

काका, बरेच दिवस लिहिलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी फोन आला, "घेऊन जा." २६ पानं, ५२ रुपये.

फाळ्याचं आधी सांगते. दुरुस्ती झाली. गोठा काढला, "आर.सी.सी." खोडून विटा-मातीचं लिहिलं, वय घातलं. ६८० झालाय. जास्तीचे पुढच्या बिलात वळते करतो म्हणाले, ते मी लेखी घेतलंय.

आता एमबी. मी आणि थोरलीने ती पानं रात्री जेवण झाल्यावर जमिनीवर पसरून वाचली. काँक्रीटच्या दोन ओळी आहेत. पहिली, फेब्रुवारीतली : ११६ × ३ × ०.१५. दुसरी, २२ मार्चची : ६४ × ३ × ०.१५. पहिला आकडा वाचला आणि माझा हातच थांबला. माझ्या सुतळीने जो आकडा दिला तोच तिथे शाईने लिहिलाय. म्हणजे रस्ता गिरणीपाशी संपतो हे मोजणाऱ्याला माहीत होतं. मग उरलेले ६४ मीटर २२ मार्चला मोजले म्हणतात. मार्चभर तिथे जलजीवनच्या पाइपलाइनचा चर खणलेला होता. धाकटीची सायकल त्यात पडली होती, तिचा गुडघा फुटला, तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे, १९ मार्च. मागे सगळा चर दिसतोय. बिल २९ मार्चला निघालंय.

जाडी दोन्ही ओळींत पंधरा सेंटिमीटर आहे. मला चार इंच, म्हणजे दहा, भरली होती. अर्थात मी एकाच ठिकाणी मोजली.

१ मेच्या प्रोसिडिंगमध्ये एकच वाक्य : "जमाखर्च वाचून कायम केला." मी त्या सभेला होते. काही वाचलं नव्हतं.

आता मला भीती वाटतेय, खरं सांगते. आकडा मिळेपर्यंत वाटत नव्हती.

पाटाचं_पाणी

ताई, भीती वाटणारच. एकट्याने करू नका, एवढंच म्हणेन. माहितीच्या कायद्याची मुळं जिथे आहेत त्या राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. काय केलं? हजेरीपटं आणि बिलं मिळवली आणि गावासमोर मोठ्याने वाचली. लोकच उठून म्हणायला लागले, मी या कामावर नव्हतो, हे काम झालेलंच नाही. आपल्याकडेही २००२-०३ ला राज्याचा वेगळा कायदा होता, अण्णा हजारेंनी त्यासाठी आझाद मैदानात उपोषण केलं होतं. कागद घरात राहिला तर तुमच्या एकटीवर ओझं होतो. चौघींनी मिळून वाचला तर तो गावाचा होतो.

निवृत्त ग्रामसेवक

मीही तेच म्हणतो, आणि त्याची कायद्यात सोयही आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिथे झालेली शिफारस ग्रामसभेपुढे जाते. १५ ऑगस्टच्या सभेआधीची महिला सभा कधी आहे ते विचारा.

सभेत "खाल्ले" हा शब्द काढू नका, कोणाचंही नाव घेऊ नका. तुमच्याकडे एमबी आहे, तिला बोलू द्या. मागणी एकच ठेवा, लेखी : "मारुती मंदिर ते पाण्याची टाकी या रस्त्याची मोजमाप पुस्तिकेप्रमाणे अभियंत्यांसह ग्रामस्थांसमोर संयुक्त मोजणी व्हावी, जाडी तीन ठिकाणी तपासावी, आणि मोजणीचा अहवाल पुढील सभेपुढे ठेवावा." हा ठराव प्रोसिडिंगमध्ये शब्दशः घ्यायला लावा. नाही घेतला तर त्याच दिवशी गट विकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा, सोबत एमबीची प्रत आणि फोटो. आणि कोरम, म्हणजे किमान हजेरी, बघा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली की दुसऱ्या सभेला कोरम लागत नाही, आणि ती कधी उरकली ते कळतसुद्धा नाही. माणसं आणा.

सुईदोरा_कृष्णाकाठ

महिला सभा १३ तारखेला आहे.

काल सात जणी आल्या होत्या घरी. गिरणीच्या पुढच्या वस्तीतल्याच, सगळ्यांच्या पोरी त्याच चिखलातून जातात. एमबीचं पान थोरलीने मोठ्याने वाचलं. गिरणीवाल्या आक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या, त्या म्हणाल्या, "२२ मार्चला तर माझ्या दारात चर होता गं, पीठ न्यायला बाया फळी टाकून येत होत्या." मग कुणी सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, हे मी सभेत उठून सांगणार.

सरपंचांच्या घरून आज ब्लाऊज शिवायला आलाय, नेहमीसारखाच. मी घेतला. ब्लाऊज घेऊन आलेल्या बाईंना स्वतःहून सांगितलं की १३ तारखेला रस्त्याचा विषय मांडणार आहे, मागून कळायला नको. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मांड. मीही बाईच आहे, सभेला येते."

ठराव दोन प्रतींत लिहून ठेवलाय. काका, तुमचाच मजकूर, फक्त "तीन ठिकाणी" च्या जागी "दर तीस मीटरला" केलंय. चालेल ना?

निवृत्त ग्रामसेवक

चालेल. माझ्यापेक्षा चांगलं केलंत. १५ तारखेला रात्री लिहा, मी जागा असेन.